मामाचा पंप आणि खोडलेली गोळी

या वेळचं पत्र थोडं कापून देते आहे:

"मी जीवशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेशीतील संदेशवहनाचं प्रकरण पाठ करून करून थकले. रिसेप्टर, जी-प्रोटीन, सायक्लिक एएमपी, कायनेज… बाणांचे तक्ते समोर असतात तोवर सगळं येतं. पेपरात मात्र एकाची शेपटी दुसऱ्याला लागते. त्यातच परवा फजिती झाली. माझ्या मामाला लहानपणापासून दमा आहे. हल्ली त्याचे हात थरथरतात, म्हणून तो एका नव्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी प्रोप्रानोलॉल नावाची गोळी लिहिली, मग 'दमा वगैरे नाही ना?' असं विचारलं, आणि आहे म्हटल्यावर लिहिलेलं खोडून टाकलं. मामाने मला विचारलं, 'तू हेच शिकतेस ना? मग सांग, हाताच्या थरथरीच्या गोळीचा दम्याशी काय संबंध?' मला एक वाक्य धड बोलता आलं नाही. पुढच्या वर्षी विशेष विषय निवडायचा आहे. पेशीजीवशास्त्राचा नाद सोडून द्यावा का? – एक गोंधळलेली विद्यार्थिनी"

प्रिय विद्यार्थिनी,

मामाचा प्रश्न तुझ्या प्रश्नपत्रिकेतल्या बऱ्याच प्रश्नांपेक्षा चांगला आहे, तेव्हा आधी त्यालाच उत्तर देते. तुझं उत्तर त्यातूनच निघेल.

दमा उसळला की मामा जो पंप ओढतो, त्यात बहुधा साल्ब्युटामॉल असतं. श्वासनलिकांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंच्या पेशी असतात. त्या आवळल्या की नळी अरुंद होते आणि श्वास सोडताना शिट्टी वाजते. या पेशींच्या पटलावर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, बीटा-२ नावाचे रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे रसायनाचा निरोप झेलणारं प्रथिन. साल्ब्युटामॉल तिथे जाऊन बसलं की पेशी सैल पडते, नळी उघडते. शरीरात तयार होणारं अ‍ॅड्रेनालिन तिथे हेच काम करतं. साल्ब्युटामॉल ही त्याची प्रयोगशाळेत घडवलेली नक्कल. प्रोप्रानोलॉलही नेमकं त्याच जागी बसतं, पण पेशीला काही करायला लावत नाही. नुसतं ठाण मांडतं आणि दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. थरथरणाऱ्या हातांना त्याचा उपयोग होतो, कारण हातांच्या स्नायूंवरही बीटा-२ असतात. पण गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळीकडे जाते. फक्त हातांपुरतं थांबणं तिला जमत नाही. श्वासनलिकांमधले रिसेप्टरही ती अडवते. दम्याच्या माणसाला त्यामुळे जोराचा झटका येऊ शकतो, आणि अशा वेळी ज्या पंपावर भिस्त असते तोही नीट लागू पडत नाही, कारण त्याची जागा आधीच अडलेली. डॉक्टरांनी खोडलं ते योग्यच केलं. (आधी विचारून मग लिहिलं असतं तर आणखी बरं.)

आता तू. अ‍ॅड्रेनालिनचा तक्ता तुला पाठ असणार, मग मामासमोर अडलं कुठे? माझा अंदाज असा की तुझ्या डोक्यात तो तक्ता 'अ‍ॅड्रेनालिनचा' म्हणून बसला आहे. वर अ‍ॅड्रेनालिन, खाली परिणाम. पुस्तकं तशीच छापतात, त्यामुळे तुला दोष देत नाही. पण रसायनात हुकूम नसतोच. अ‍ॅड्रेनालिनच्या रेणूत 'धडधड वाढव' असं काही लिहिलेलं नाही, 'सैल हो' असंही नाही. तो एक लहानसा रेणू आहे, रक्तातून वाहत येतो, एवढंच. त्याचा अर्थ काय लावायचा हे ऐकणारी पेशी ठरवते. तिच्या पटलावर कोणता रिसेप्टर आहे, त्याच्या मागे आत कोणती प्रथिनं उभी आहेत आणि ती पेशी मुळात कशासाठी घडली आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

माणूस घाबरला की अ‍ॅड्रेनालिन रक्तात येतं आणि जवळजवळ एकाच वेळी सगळीकडे पोचतं. हृदय जोरात आणि भराभर आकुंचन पावू लागतं. श्वासनलिका सैल होतात. यकृत साठवलेलं ग्लायकोजेन तोडून साखर रक्तात सोडतं. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून चेहरा पांढराफटक पडतो. एकाच रसायनाला चार उत्तरं, आणि त्यातली दोन उघड उघड परस्परविरोधी: त्वचेच्या रक्तवाहिनीतला स्नायू आवळतो, श्वासनलिकेतला सैल होतो. त्वचेतल्या वाहिन्यांवर मुख्यतः अल्फा-१ रिसेप्टर असतात आणि ते आतमध्ये कॅल्शियम वाढवतात, म्हणून तिथे आवळणं. अल्फा आणि बीटा ही विभागणी रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४८ साली मांडली. तेव्हा रिसेप्टर कुणी पाहिला नव्हता. त्याने अ‍ॅड्रेनालिनसारखी काही रसायनं घेतली आणि निरनिराळ्या अवयवांवर त्यांतलं कोणतं जास्त परिणामकारक आणि कोणतं कमी, याचा क्रम लावला. क्रम दोनच प्रकारचे निघाले, तेव्हा रिसेप्टरही निदान दोन प्रकारचे असले पाहिजेत, असा त्याचा तर्क. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅकने याच कल्पनेवरून असा विचार केला की हृदयावरचे बीटा रिसेप्टर अडवले तर छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या हृदयाचा ताण कमी होईल. त्यातून १९६० च्या दशकात आलेली गोळी म्हणजे मामाच्या कागदावर खोडलेली प्रोप्रानोलॉल. ब्लॅकला १९८८ चं नोबेल मिळालं. बीटामध्येही निदान दोन गट आहेत, हृदयात प्रामुख्याने बीटा-१ आणि श्वासनलिकेत बीटा-२, हे १९६७ च्या सुमाराला स्पष्ट झालं. प्रोप्रानोलॉल दोघांनाही अडवतं. नंतर मुख्यतः बीटा-१ अडवणारी औषधं निघाली, पण मात्रा वाढली की त्यांचाही हा विवेक सुटतो.

आता जरा थांब, कारण पुस्तक इथे भरभर पुढे जातं आणि खरी गंमत इथेच आहे. हृदयाचा बीटा-१ आणि श्वासनलिकेचा बीटा-२, दोघांच्याही मागे एकाच जातीचं जी-प्रोटीन असतं, रिसेप्टरचा निरोप आत पुढे नेणारं. दोन्हीकडे सायक्लिक एएमपी हा पेशीतला छोटा निरोप्या वाढतो. दोन्हीकडे त्याने प्रोटीन कायनेज-ए हेच एन्झाइम चालू होतं. म्हणजे तुझ्या तक्त्यातले बाण शेवटच्या एक-दोन पायऱ्यांपर्यंत हुबेहूब सारखे. आणि निकाल उलटा! हृदयाचा स्नायू जोराने आकुंचतो, श्वासनलिकेचा स्नायू ढिला पडतो. असं का? कायनेज करतं काय, तर दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवतं. पण चिकटवायला समोर कोण आहे, हे पेशीपेशीत वेगळं. हृदयपेशीत ते कॅल्शियमच्या मार्गिकांना, म्हणजे पटलातल्या दारांना, फॉस्फेट लावतं, त्यांतून जास्त कॅल्शियम आत येतं, आणि जास्त कॅल्शियम म्हणजे जास्त जोर. श्वासनलिकेच्या पेशीत आकुंचन घडवणाऱ्या एन्झाइमचीच धार ते बोथट करतं, शिवाय कॅल्शियमही खाली आणतं. तक्ता वरून खाली पाठ केलास तर ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळणारच, कारण वरचा भाग एकच आहे. फरक तळाशी आहे.

याहून चक्रावणारं उदाहरण अ‍ॅसिटिलकोलिनचं. १९२१ साली ऑटो लोवीने बेडकाचं हृदय द्रवात धडधडत ठेवलं, त्याच्याकडे येणाऱ्या व्हेगस नावाच्या चेतातंतूला उत्तेजित करून त्याची गती कमी केली आणि तोच द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. दुसऱ्याची गतीही कमी झाली, त्याच्या चेतातंतूला कुणी हात लावलेला नसताना. चेतातंतू रसायनातून बोलतो याचा हा पुरावा. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलिन होतं. पण हेच अ‍ॅसिटिलकोलिन तुझ्या दंडाच्या स्नायूला आकुंचन करायला लावतं, आणि लाळग्रंथीला लाळ सोडायला. दंडाच्या स्नायूवरचा रिसेप्टर ही स्वतःच एक मार्गिका आहे. अ‍ॅसिटिलकोलिन बसलं की ती उघडते आणि सोडियम आत घुसतं. सगळं मिलिसेकंदांत. हृदयावरचा रिसेप्टर निराळा, तो जी-प्रोटीनमार्फत पोटॅशियमची दारं उघडवतो आणि हृदय शांत होतं.

आणि १९८० चा रॉबर्ट फर्चगॉटचा प्रयोग तर तुझ्या अभ्यासक्रमात सक्तीचा हवा होता. सशाच्या महारोहिणीच्या पट्टीवर अ‍ॅसिटिलकोलिन टाकलं की ती कधी सैल व्हायची, कधी आवळायची. कारण शोधताना लक्षात आलं की पट्टी कापताना आतला पेशींचा पातळ थर घासला जाऊन निघाला असेल तर ती आवळते, शाबूत असेल तर सैल होते. स्नायू तोच, रसायन तेच. ऐकणारा एक थर गेला आणि उत्तर फिरलं. तो थर अ‍ॅसिटिलकोलिन ऐकून स्वतः एक दुसरा निरोप शेजारच्या स्नायूला देत होता. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला, जेमतेम काही सेकंद टिकणारा. त्याला पटलावरच्या रिसेप्टरची गरज नाही, सरळ आरपार जातो आणि पेशीच्या आतलं एन्झाइम गाठतो. या कामाला १९९८ चं नोबेल मिळालं.

रिसेप्टरबद्दल एक तक्रार नोंदवून पुढे जाते. शाळेपासून आपल्याला कुलूप-किल्लीचं चित्र दाखवतात. ते अर्धंच कामाचं आहे. किल्ली बसली की कुलूप उघडतं, असं ते सांगतं. पण प्रोप्रानोलॉल नीट बसतं आणि काहीच उघडत नाही, हे त्या चित्रात मावत नाही. शिवाय रसायन रिसेप्टरवर कायमचं बसत नाही, येत-जात राहतं. आणि रिसेप्टर कुलपासारखा ताठ नसतो, तो सतत हलत, वळवळत असतो. वेगवेगळी रसायनं त्याला वेगवेगळ्या आकारात थोपवून धरतात. मामाचा बीटा-२ याबाबतीत सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला. ब्रायन कोबिल्का आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तो जी-प्रोटीनला चिकटलेल्या अवस्थेत स्फटिकात पकडला. हे प्रथिन पेशीपटलातून सात वेळा आरपार विणलेलं असतं, जणू सात दांडे. बाहेरच्या बाजूला रसायन बसलं की आतल्या बाजूला सहाव्या दांड्याचं टोक सुमारे दीड नॅनोमीटर बाहेर सरकतं आणि तिथे झालेल्या खोबणीत जी-प्रोटीन शिरतं. अ‍ॅड्रेनालिनचा रेणू आत पाऊलही ठेवत नाही. निरोप म्हणून आत काय जातं, तर ही सरक. कोबिल्का आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना २०१२ चं नोबेल याच, म्हणजे जी-प्रोटीनमार्फत बोलणाऱ्या, घराण्याच्या रिसेप्टरांसाठी मिळालं. माणसात या घराण्याचे सुमारे ८०० रिसेप्टर आहेत, आणि आज वापरात असलेल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश त्यांच्यावरच काम करतात.

सरक झाली, पुढे काय? इथे अर्ल सदरलँडचा प्रयोग वाच, बाण आपोआप लक्षात राहतील. १९५० च्या दशकात त्याला शोधायचं होतं की अ‍ॅड्रेनालिनमुळे यकृत ग्लायकोजेन कसं तोडतं. त्याने यकृताच्या पेशी फोडून त्यांचा रस केला. रसात अ‍ॅड्रेनालिन टाकलं तरी परिणाम दिसला. मग रस गरगर फिरवून पटलांचे तुकडे आणि द्रव वेगळे केले. नुसत्या द्रवात अ‍ॅड्रेनालिन टाकलं: काही नाही. मग पटलांच्या तुकड्यांत एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाबरोबर अ‍ॅड्रेनालिन टाकलं, त्यातून जे तयार झालं ते उकळवलं, म्हणजे प्रथिनं नष्ट, आणि उरलेलं त्या द्रवात घातलं. ग्लायकोजेन तोडणारं एन्झाइम जागं झालं! म्हणजे पटलाने अ‍ॅड्रेनालिन ऐकून एक छोटं, उकळूनही न मरणारं रसायन बनवलं होतं, आणि आतली कामं त्या दुसऱ्या दूताने केली. ते सायक्लिक एएमपी. या कामासाठी सदरलँडला १९७१ चं नोबेल. रिसेप्टर आणि सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम यांच्यामधला दुवा, म्हणजे जी-प्रोटीन, नंतर सापडला. मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांना त्यासाठी १९९४ चं.

इतक्या पायऱ्या कशाला, असं तुला वाटत असणार. पाठ करणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. एक कारण म्हणजे वाढत जाणारा आकडा. एक रिसेप्टर एकामागून एक बरीच जी-प्रोटीनं जागी करतो, एक एन्झाइम भराभर सायक्लिक एएमपी बनवत सुटतं, पुढचं प्रत्येक एन्झाइम आणखी पुढच्या अनेकांना चालू करतं. पाठ्यपुस्तकांत याचा अंदाज देतात तो असा की अ‍ॅड्रेनालिनच्या एका रेणूमागे शेवटी साखरेचे सुमारे १० कोटी रेणू ग्लायकोजेनपासून सुटू शकतात. रक्तात ते रसायन कणभर असतं आणि तरी पेशीला हलवून सोडतं, ते यामुळे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: जितक्या पायऱ्या, तितक्या थांबवण्याच्या जागा.

थांबणं हा भाग विद्यार्थी नेहमी गाळतात. निरोप ऐकून झाल्यावर पेशीला पुन्हा कान मोकळा करावा लागतो. जी-प्रोटीन स्वतःजवळचं जीटीपी (एटीपीचंच भावंड) तोडतं आणि आपोआप बंद होतं. सायक्लिक एएमपीला फॉस्फोडायएस्टरेज नावाची एन्झाइमं मोडतात. कायनेजने लावलेलं फॉस्फेट फॉस्फटेज काढून टाकतं. माणसात कायनेजचे प्रकार ५०० हून अधिक आहेत, त्यामुळे त्यांची नावं पाठ करण्याच्या भानगडीत पडू नकोस. लावणारे आणि काढणारे असे दोन पक्ष आहेत एवढं धर आणि पुढे चल.

यातली एकच पायरी अडली तर काय होतं, ते पटकीत (कॉलऱ्यात) दिसतं. पटकीचा जिवाणू आतड्याच्या पेशीत जात नाही. त्याचं विष आत जातं आणि त्याच जी-प्रोटीनला असं जखडतं की त्याला जीटीपी तोडता येत नाही. ते बंदच होत नाही. सायक्लिक एएमपी वाढत राहतं, क्लोराइडची दारं उघडी पडतात, क्लोराइडमागोमाग सोडियम आणि पाणी, आणि माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभरापर्यंत पाणी जाऊ शकतं. हे काम विषाचं आहे, हे कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं. त्यांना आयुष्यभर मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, हे माझं ठाम मत. मीठ-साखरेचं पाणी पटकीत का वाचवतं, तेही याच पानावर बसतं: ग्लुकोजबरोबर सोडियम आत ओढणारी वाट निराळी आहे, तिला विषाने हात लावलेला नसतो.

पेशीला थांबण्याची आणखी एक रीत असते, आणि तिच्यामुळे मी पुन्हा मामाकडे येते. एखादं रसायन सारखं, न थांबता येत राहिलं तर पेशी कान झाकून घेते. रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला फॉस्फेट चिकटतं, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं, जी-प्रोटीनला जागा उरत नाही, आणि मग तो रिसेप्टरच पटलावरून आत ओढला जातो. काही परत येतात, काही मोडीत निघतात. पत्रात तू लिहिलेलं नाहीस, म्हणून विचारते: मामा तो आरामाचा पंप दिवसातून किती वेळा ओढतो? दोन गोष्टींसाठी विचारते आहे. एक, साल्ब्युटामॉल वारंवार घेतलं तर रिसेप्टर कमी होतात आणि त्याचा आधारही कमी होत जातो. दुसरं म्हणजे, हातांच्या स्नायूंवर बीटा-२ असतात असं वर म्हटलं, आणि साल्ब्युटामॉलच्या ओळखीच्या दुष्परिणामांत हातांची थरथर आणि छातीची धडधड अगदी पहिल्या ओळीत येतात. जी थरथर थांबवायला गोळी लिहिली जात होती, ती पंपानेच आणलेली असू शकते.

असू शकते, असंच म्हणते आहे. थरथरीची कारणं पुष्कळ. थायरॉइड जास्त असलं तरी हात कापतात. तेव्हा मामाचा पंप तू बंद करू नकोस. धाप लागली असताना तो घ्यायचाच असतो. पण पंप किती वेळा लागतो हे त्याने कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावं, आणि रोजचा स्टेरॉइडचा पंप सांगितलेला असूनही 'त्याने लगेच काही फरक पडत नाही' म्हणून बाजूला पडला असेल, तर तेही सांगावं. आरामाच्या पंपावरच दमा निभावणं बरोबर नाही; मोठी माणसं आणि किशोरवयीनांसाठी अस्थमाच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून हे स्पष्ट म्हटलं आहे. स्टेरॉइडच्या पंपाने मामाला लगेच फरक का वाटत नाही, हे मात्र तू समजावून सांगू शकतेस. स्टेरॉइडचा रेणू स्निग्ध असतो, पटलातून सरळ आत जातो. त्याचा रिसेप्टर पेशीच्या आतच असतो. ते दोघं मिळून केंद्रकात जातात आणि कोणती जनुकं वाचायची, कोणती नाही, हे बदलतात. नवी प्रथिनं घडायला आणि सूज उतरायला तास लागतात, पुरता परिणाम दिसायला दिवस. त्यातलं एक जनुक बीटा-२ रिसेप्टरचं. म्हणजे रोजचा पंप घेतला तर दुसऱ्या पंपाला ऐकणारे कान वाढतात.

आता अभ्यासाचं. मैत्रिणी 'तक्ताच पाठ कर' म्हणत असतील तर त्यांचं ऐकू नकोस, निदान सुरुवातीला नको. कोऱ्या कागदाच्या तळापासून सुरू कर. एक पेशी घे, समज चरबीची किंवा स्नायूची, आणि जेवणानंतर तिला काय करायचं आहे ते लिही: रक्तातलं ग्लुकोज आत घ्यायचं आहे. त्यासाठी ग्लुकोज आत नेणारी प्रथिनं पटलावर हवीत. ती कुठे आहेत? आत, बुडबुड्यांत साठवलेली. त्यांना वर आणायला कुणी सांगितलं? असं एकेक पाऊल मागे जात इन्सुलिनच्या रिसेप्टरपर्यंत पोच. तिथे पोचलीस की दिसेल की हा रिसेप्टर स्वतःच कायनेज आहे, मध्ये जी-प्रोटीन लागलंच नाही. मग प्रत्येक पायरीशेजारी ती बंद कशी होते ते लिही. जिथे लिहिता आलं नाही, तेवढंच पुस्तकात शोध. पहिल्यांदा याला वेळ लागेल आणि चिडचिड होईल. दोन-तीन पेशी झाल्या की पुढच्या तक्त्यांना तू फक्त नावं भरशील.

विषय सोडण्याबद्दल मी इथून हो-नाही सांगणार नाही, पण ठरवायला एक प्रश्न देते. ग्लुकागॉन हे संप्रेरक उपाशीपोटी रक्तात येतं आणि यकृतात सायक्लिक एएमपी वाढवून ग्लायकोजेन तोडायला लावतं. अ‍ॅड्रेनालिनही यकृताला तेच करायला लावतं. पण हातापायांच्या स्नायूंमध्येही ग्लायकोजेन असतं; अ‍ॅड्रेनालिन आलं की ते तुटतं, ग्लुकागॉन आलं की तुटत नाही. स्नायूंवर काय नसेल, आणि ते नसणं शरीराच्या सोयीचं का? पुस्तक मिटून एक पानभर लिही. लिहिताना वेळेचं भान गेलं तर विशेष विषयाचा अर्ज भरून टाक. पान संपेना आणि जांभया येऊ लागल्या तर दुसरा विषय घे, आणि मामाला बीटा-२ सांगून मोकळी हो.